हप्ता नको, मुदत कमी करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, फेब्रुवारी २०२५ मध्ये ६.५० टक्क्यांवरून उतरायला लागला आणि डिसेंबरात ५.२५ वर आला. अशा प्रत्येक कपातीच्या बातमीशेजारी एक चौकट हमखास असते : अमुक लाखांच्या गृहकर्जाचा हप्ता इतक्या रुपयांनी घटणार. ही चौकट अर्धी असते. हप्ता आहे तोच ठेवला तर कर्ज किती महिने आधी संपेल, हा रकाना तिच्यात नसतो. ज्या जोडप्याने नुकताच फ्लॅट घेतला आहे, घरात लहान मूल आहे आणि पन्नाशीच्या आत कर्जमुक्त व्हायचे आहे, त्यांच्या कामाचा रकाना तोच आहे. पुढच्या वेळी तो छापावा, ही विनंती. तोवर त्यातले आकडे आणि ते प्रत्यक्षात उतरवताना बँकेत काय अडते, ते येथे देत आहे.

उदाहरणाला ४० लाखांचे कर्ज, २० वर्षे मुदत आणि ८.५ टक्के व्याज धरू. हप्ता येतो ३४,७१३ रुपये. पहिल्या हप्त्यातले २८,३३३ रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ६,३८०. वीस वर्षांत एकूण व्याज जाते सुमारे ४३ लाख ३१ हजार, म्हणजे मुद्दलापेक्षा जास्त. हाच दर सुरुवातीलाच ७.२५ झाला, तर वीस वर्षांसाठी हप्ता ३१,६१५ होतो आणि महिन्याला तीन हजार हातात राहतात. पण जुनाच ३४,७१३ चा हप्ता चालू ठेवला, तर कर्ज २४० ऐवजी १९८ महिन्यांत संपते. साडेतीन वर्षे आधी, आणि हप्ता घटवून घेण्यापेक्षा एकूण भरणा सुमारे सव्वासात लाखांनी कमी.

जास्तीची रक्कम भरतानाही हाच प्रश्न येतो. वरच्याच कर्जात (८.५ टक्क्यांच्या) पहिले वर्ष संपताना एक लाख रुपये मुद्दलात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे जवळजवळ १४ हप्ते भरावे लागत नाहीत. व्याजात बचत सुमारे ३ लाख ७८ हजार. तेच एक लाख भरून बँकेने मुदत तशीच ठेवली आणि हप्ता कमी केला, तर हप्ता ८८५ रुपयांनी घटतो आणि व्याजात बचत होते सुमारे १ लाख २ हजार. पैसे तेच, दिवसही तोच. फरक फक्त अर्जातल्या एका ओळीचा. अर्थात हे पावणेचार लाख आज हातात पडत नाहीत, शेवटच्या वर्षांतले हप्ते टळतात तेव्हा ते वाचतात.

वेळेचा हिशेबही यातच आहे. तेच एक लाख दहाव्या वर्षाअखेर भरले तर बचत सुमारे १ लाख २९ हजार, पंधराव्या वर्षाअखेर भरले तर केवळ ५१ हजार. ‘आता मूल लहान आहे, खर्च आहेत, पुढे पगार वाढला की भरू’ असे अनेक घरांत ठरते. नेमकी तीच पहिली सात-आठ वर्षे व्याजाने सर्वांत जड असतात. एकदम मोठी रक्कम जमत नसेल तर दोन सोपे मार्ग आहेत. पहिल्या महिन्यापासून दरमहा पाच हजार जास्त भरले, तर कर्ज १७७ महिन्यांत म्हणजे पावणेपंधरा वर्षांत संपते आणि सुमारे १३ लाखांचे व्याज वाचते. किंवा दर वर्षी पगारवाढ झाली की हप्ता पाच टक्क्यांनी वाढवून घ्यायचा. मग कर्ज सव्वाबारा वर्षांतच संपते. बाराव्या वर्षी हप्ता ५९ हजारांच्या पुढे गेलेला असतो, पण तोवर पगारही त्या प्रमाणात वाढलेला असेल, हे यात गृहीत आहे. पगाराची खात्री नसेल त्यांनी पहिला मार्ग धरावा.

हप्ता कमी करून घेणे योग्य ठरते ते एकाच परिस्थितीत : दोघांपैकी एकाचा पगार थांबणार असेल. बाळंतपणानंतर बिनपगारी रजा, नोकरी डळमळीत होणे किंवा घरात मोठे आजारपण. तेव्हा जरूर कमी करावा, आणि पगार पूर्ववत झाला की पुन्हा वाढवून घ्यावा.

आता बँकेतली प्रत्यक्ष पद्धत. गडबड होते ती इथेच. कर्जखात्यावर नुसते ऑनलाइन पैसे पाठवले की काम झाले, असे समजू नये. अनेक ठिकाणी अशी रक्कम ‘आगाऊ हप्ता’ म्हणून पडून राहते आणि पुढच्या दोन-तीन हप्त्यांत वळती होते. मुद्दल लगेच कमी होत नाही, व्याज चालूच राहते. काही संस्था एक किंवा दोन हप्त्यांपेक्षा कमी रक्कम मुद्दलात घेतच नाहीत, तर काही ठिकाणी ती महिन्याच्या ठरावीक तारखांनाच घेतली जाते. म्हणून आधी चौकशी करावी, आणि भरताना अर्जात स्पष्ट लिहावे : ‘सोबतची रक्कम मुद्दलात जमा करावी, मासिक हप्ता आहे तोच ठेवावा व मुदत कमी करावी.’ अर्जाच्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्यावा. ॲपवरून भरत असाल तर ‘पार्ट पेमेंट’ आणि त्याखाली ‘मुदत कमी’ हे दोन्ही पर्याय निवडले गेल्याचे पाहावे आणि पडद्याचे छायाचित्र ठेवावे. चार-पाच दिवसांनी खातेउतारा काढून मुद्दल पूर्ण रकमेने उतरले का, ते तपासावे. हप्ता परत गेल्याचा दंड किंवा इतर आकार थकलेला असेल तर तो आधी वळता होतो आणि मुद्दलात कमी रक्कम पडते. शेवटी परतफेडीचा नवा तक्ता मागून घ्यावा. त्यात शेवटच्या हप्त्याची तारीख अलीकडे आलेली दिसली पाहिजे. हप्ता वाढवून घेत असाल तर पगारखात्यावरचा नॅच आदेशही (हप्ता आपोआप कापून घ्यायला दिलेली परवानगी) पाहावा. त्यातली कमाल मर्यादा नव्या हप्त्यापेक्षा कमी असेल तर पहिलाच वाढीव हप्ता परत जाईल.

बदलत्या व्याजदराच्या, व्यक्तीने घेतलेल्या गृहकर्जावर मुदतीआधी रक्कम भरल्याबद्दल बँका २०१२ पासून आकार घेऊ शकत नाहीत. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने हा नियम अधिक व्यापक केला आहे : व्यवसायाव्यतिरिक्त कारणासाठी व्यक्तीने घेतलेल्या बदलत्या दराच्या कर्जावर हा आकार नाही, आणि ‘अमुक महिने भरता येणार नाही’ अशी अटही नाही. पर्सनल लोन बहुधा स्थिर दराचे असते, त्याला ही सवलत लागू होत नाही. तिथे आकार किती, ते करारात आणि ऑक्टोबर २०२४ पासून बंधनकारक झालेल्या ‘की फॅक्ट स्टेटमेंट’मध्ये (कर्जाचा दर, आकार आणि अटी यांचे एकत्रित पत्रक) पाहावे.

२०२१ च्या आसपास कर्ज घेतलेल्यांनी आजच उतारा काढून उरलेले हप्ते मोजावेत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या दहा महिन्यांत रेपो ४ वरून ६.५० टक्क्यांवर गेला. तेव्हा बहुतेक ठिकाणी हप्ता न वाढवता मुदत लांबवली गेली. ६.७ टक्क्यांनी घेतलेल्या ४० लाखांच्या वीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता होता सुमारे ३०,२९६. दर ९.२ टक्के झाल्यावर ४० लाखांवरचे एका महिन्याचे व्याजच ३०,६६७ होते. म्हणजे नवे कर्ज असेल तर हप्ता भरूनही मुद्दल वाढायला लागते. यामुळेच १८ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने बंधन घातले की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडे थोडे, हा पर्याय कर्जदाराला द्यावा. मुद्दल वाढत जाईल अशी मुदतवाढ देऊ नये. दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल आणि व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर असलेले पत्रक द्यावे, आणि ते कर्जदाराला समजेल असे सोपे असावे. महाराष्ट्रात समजेल असे म्हणजे मराठीत, हा आग्रह शाखेत लेखी धरायला हवा. आता दर उतरल्यावर लांबलेली मुदत आपोआप मूळ जागी येईलच असे नाही, ती अर्ज करून मागावी.

कर्ज अजून जुन्या बेस रेट किंवा एमसीएलआर या बँकेने स्वतः ठरवलेल्या दरांना जोडलेले असेल तर रेपोशी जोडून घेण्याची विचारणा करावी. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवी बदलत्या दराची गृहकर्जे रेपोसारख्या बाह्य निकषालाच जोडलेली असतात आणि किमान तीन महिन्यांतून एकदा दर बदलावा लागतो. गृहवित्त कंपन्यांना ही सक्ती नाही, तिथे दरकपात उशिरा किंवा कमी पोहोचते. तिथल्या कर्जदारांनी आधी त्याच कंपनीकडे रूपांतर शुल्क भरून दर कमी होतो का ते विचारावे. कर्ज दुसऱ्या बँकेत हलवताना प्रक्रिया शुल्क, वकील आणि मूल्यांकनाचा खर्च, शिवाय मुद्रांक शुल्क पुन्हा पडते. हा सगळा खर्च आणि वाचणारे व्याज समोरासमोर मांडूनच ठरवावे.

गृहकर्जात जास्तीचे पैसे घालण्याआधी दुसरी कर्जे पाहायला हवीत. क्रेडिट कार्डाची थकबाकी सर्वांत आधी. दरमहा साडेतीन टक्के दराने ५० हजारांवर महिन्याला १,७५० रुपये व्याज आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ३१५, असे २,०६५ रुपये जातात. पाच टक्के ‘मिनिमम ड्यू’ (बिलातली किमान भरायची रक्कम) म्हणजे २,५०० भरले तर थकबाकी उतरते अवघ्या ४३५ रुपयांनी. शिवाय पूर्ण बिल भरेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज लागते, म्हणून तोवर कार्ड वापरूच नये. मग पर्सनल लोन, पतसंस्थेचे कर्ज, सोनेतारण, गाडीचे कर्ज असा दराप्रमाणे क्रम लावावा. गावाकडचे आईवडिलांचे पीककर्ज मात्र घाईने फेडू नये. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंतचे पीककर्ज वेळेत फेडले तर शून्य टक्क्याने पडते. त्याची तारीख मात्र एक दिवसही चुकू देऊ नये.

सहा महिन्यांचे हप्ते आणि घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय मुद्दलात रक्कम घालू नये. भरलेले पैसे बँक परत देत नाही, आणि अडचणीत पुन्हा पर्सनल लोन काढावे लागले तर सगळी बचत त्यात जाते. पीएफ मोडून गृहकर्ज फेडण्याचा सल्लाही मला पटत नाही, कारण त्यावर ८.२५ टक्के व्याज आहे. मुदत ठेवीचे तसे नाही : तिचे व्याज करपात्र, तर कर्जावर वाचलेले व्याज पूर्ण आपले. ‘कर वाचतो म्हणून कर्ज राहू दे’ हा जुना सल्लाही तपासून घ्यावा. राहत्या घराच्या कर्जव्याजाची दोन लाखांपर्यंतची वजावट जुन्या करपद्धतीतच मिळते, नव्या पद्धतीत नाही.

कर्ज मंजुरीच्या वेळी गळ्यात मारला जाणारा एकरकमी विमाही महाग पडतो. १ लाख २० हजारांचा हप्ता कर्जातच मिळवला की तो ८.५ टक्क्यांनी वीस वर्षांत सुमारे अडीच लाखांना पडतो. हा विमा कर्जासाठी सक्तीचा नाही. कमावत्या दोघांनी स्वतंत्र टर्म विमा घ्यावा. आधीच घेतलेला असेल तर कर्ज लवकर फिटल्यावर उरलेल्या मुदतीची रक्कम परत मागावी.

शेवटचा हप्ता भरला की घर मोकळे झाले असे समजून अनेक जण थांबतात. मूळ दस्त ३० दिवसांत परत द्यावे लागतात. बँकेमुळे उशीर झाला तर दर दिवशी ५,००० रुपये भरपाई, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. दस्त घेताना मंजुरीवेळच्या यादीशी ताडून पाहावेत : नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (नोंदणी कार्यालयाचा दस्ताचा गोषवारा), बिल्डरच्या पावत्या, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, जुना फ्लॅट असेल तर आधीच्या मालकांचे करार. कर्ज संपल्याचा दाखला घ्यावा, नॅच आदेश रद्द करून घ्यावा, दिलेले कोरे धनादेश परत मागावेत आणि बँकेने सरसाईवरचा (तारण मालमत्तांची केंद्रीय नोंदवही) बोजा उतरवल्याची खात्री करावी. दाखल्याची प्रत सोसायटीला देऊन तिच्या दप्तरातली बँकेची नोंद काढायला सांगावी. रो-हाउस किंवा प्लॉट असेल तर सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात बँकेचे नाव तसेच राहते. ते काढण्यासाठी दाखला जोडून ई-हक्क प्रणालीवर किंवा गावच्या महसूल अधिकाऱ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो. शहरात मिळकत पत्रिका असेल तर हाच अर्ज नगर भूमापन कार्यालयात. फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा काढून बँकेचे नाव गेले आहे, हे पाहून घ्यावे.

आपली,
गृहकर्ज विभागात काम केलेली एक वाचक, पिंपरी-चिंचवड