चि. मृण्मयीस, ब्लँकेटविषयी

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पाठवलेली सामानाची यादी मिळाली. प्रत्येक वस्तूपुढे ग्रॅममध्ये वजन लिहिलेली ती यादी मी दोनदा वाचली आणि आप्पांचे लोकरी ब्लँकेट तीत नाही, हे पहिल्याच वाचनात लक्षात आले. रविवारी त्यावरूनच आपले फोनवरचे बोलणे अर्धवट तुटले. एवढी लोकर पाठीवर घेऊन डोंगर चढणे म्हणजे विनाकारण पाठ मोडून घेणे, असे तुझे म्हणणे होते. थंडी वजनाचे हिशेब पाहून येत नाही, असे माझे. दोघांचेही आवाज चढले होते. तेव्हा जे नीट मांडता आले नाही ते आता लिहितो आहे, आणि उपदेश करायचा नाही असे ठरवूनच लिहायला बसलो आहे.

काल ते ब्लँकेट तराजूवर ठेवले. २ किलो २०० ग्रॅम भरले. तुझ्या यादीप्रमाणे तुझी पिसांची स्लीपिंग बॅग ९५० ग्रॅमची आहे. ब्लँकेटची कितीही घट्ट वळकटी केली तरी रकसॅकमधली बरीच जागा तीच अडवणार, याउलट पिसांची बॅग दाबून लहानशा पिशवीत बसते आणि बाहेर काढून झटकली की पुन्हा फुगते. ऊब ही मुळात कापडाची नसून त्यात अडकून पडलेल्या हवेची असते, आणि तेवढ्याच वजनात पिसे लोकरीपेक्षा कितीतरी अधिक हवा धरून ठेवतात. १९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत इतर गिर्यारोहक लोकरीच्या थरांवर भिस्त ठेवून असताना जॉर्ज फिंच यांनी आकाशात उडणाऱ्या मोठ्या फुग्याच्या कापडात पिसे भरून शिवलेला कोट नेला होता. सोबत्यांनी आधी त्याची चेष्टा केली, पण त्या उंचीवर तो कोट उत्तम ठरला. तेव्हा कित्येक दिवस सगळा संसार पाठीवर घेऊन चालायचे असेल, तर जाड लोकरी ब्लँकेट नेण्यात अर्थ नाही, हे मला मान्य आहे. तू वजनाचा इतका बारीक विचार केलास याचे मला किती कौतुक वाटले, हे त्या दिवशी सांगायचे राहिले.

मग मला काळजी कसली, असे तू विचारशील. काळजी ओलीची आहे.

पिसे ओली झाली की एकमेकांना चिकटून त्यांचे गोळे होतात, फुगीरपणा जातो आणि त्याबरोबर ऊबही जाते. शिवाय ओलाव्यात ती लवकर वाळतही नाहीत. लोकरीचा तंतू मुळातच कुरळा असल्यामुळे ओला झाला तरी तो पूर्णपणे चेपत नाही आणि मधली थोडी हवा टिकून राहते. स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा बाष्प तो पोटात घेतो, तरी हाताला ओला लागत नाही, आणि ते शोषताना थोडी उष्णताही बाहेर टाकतो. तंबूत पहाटे श्वासाची वाफ कापडावर जमते, अंथरुणावर दव उतरते, अशा वेळी हा गुण फार मोलाचा असतो. मात्र लोकर भिजली तरी उबदारच राहते, असे जे सर्रास सांगितले जाते ते जसेच्या तसे धरू नकोस. चिंब भिजलेले ब्लँकेट वजनाने दुप्पट होऊ शकते, वाळायला फार वेळ घेते आणि कोरड्या ब्लँकेटाइतकी ऊब देत नाही. पिसांपेक्षा ते कमी दगा देते, इतकेच.

तू सात वर्षांची असताना तंबूच्या शिवणीतून पाणी झिरपले होते, ती रात्र तुला कदाचित आठवत नसेल. तुझी कापसाची रजई भिजून जड झाली होती आणि तुझे ओठ काळेनिळे पडले होते. तुझ्या आईने तुझे सगळे कपडे बदलून तुला त्या ब्लँकेटमध्ये गुंडाळले, आणि ते टोचते म्हणून तू रडत राहिलीस. लोकरीचा तंतू सुमारे ३० मायक्रॉनपेक्षा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड असला की कातडीला टोचतो, आणि ब्लँकेटची लोकर बहुधा त्याहून जाडच असते, हे मी नंतर कधीतरी वाचले. त्या रात्री मात्र तू रडते आहेस म्हणजे तुझ्या अंगात जोर आहे, एवढ्यावरच आमचा धीर टिकून होता. दुसऱ्याच आठवड्यात आईने ब्लँकेटच्या गळ्याकडच्या काठाला मऊ सुती पट्टी शिवली. ती अजून आहे, मधोमध विरली आहे. त्याच्या शेजारी मसुराएवढा एक काळा ठिपका आहे, शेकोटीची ठिणगी पडली होती तिथला. नखाने खरवडले तर त्याची राख होते, पण भोक पुढे पसरलेले नाही. लोकर वितळत नाही आणि सहसा पेट धरत नाही, कोळपून विझते. तुझ्या बॅगेचे नायलॉन मात्र ठिणगीने क्षणात वितळेल आणि आतली पिसे बाहेर येतील, म्हणून ती अंगावर घेऊन शेकोटीजवळ बसू नकोस.

पुन्हा ओलीवरच येतो. स्लीपिंग बॅग रकसॅकमध्ये नुसती ठेवू नकोस, आधी पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घाल आणि तिचे तोंड नीट गुंडाळून बंद कर. झोपायचे कपडे वेगळे ठेव आणि दिवसा कितीही मोह झाला तरी ते घालू नकोस. भिजलेले कपडे सकाळपर्यंत वाळतील म्हणून ते अंगावर घेऊन बॅगेत शिरू नकोस. जमीन पाठीतून ऊब ओढून घेते आणि अंगाखाली दबलेली पिसे काहीच थोपवत नाहीत, म्हणून मॅटच्या बाबतीत ग्रॅम वाचवू नकोस. सोबतच्या कुणाची बोटे बटणे लावताना अडखळू लागली, बोलणे जड झाले किंवा तो उगाच चिडचिड करू लागला, तर तिथेच थांबून त्याला कोरडे करा. आणि कुडकुडणारा माणूस बरा न होताच कुडकुडायचा थांबला, तर त्याला बरे वाटते आहे असे समजू नका. ते त्याहून वाईट लक्षण आहे.

हे सगळे तुला ठाऊक आहे, आणि तरीही मी शाळेतल्यासारखे घोकून घेतो आहे. क्षमा कर. तुला चालत जायचे आहे आणि मला इथे बसून राहायचे आहे, त्यामुळे हे होते.

ब्लँकेट मी माझ्याकडेच ठेवतो. गाडी तंबूपर्यंत जाते, मुक्काम एकाच जागी असतो, शेकोटीभोवती बसायचे असते, अशा वेळी त्याच्यासारखे दुसरे काही नाही. अंगावर घ्या, खाली अंथरा, पातळ बॅगेवर पांघरा, कशालाही ते नाही म्हणत नाही. दिवाळीनंतर धाकटे काका आणि मुले येतील तेव्हा ते बाहेर काढूच. तोवर कसर लागू नये म्हणून उन्हात झटकून, घट्ट झाकणाच्या पेटीत घालतो. तुझ्यासाठी लोकर अजिबात नको, असे मात्र मी म्हणणार नाही. अंगालगतचा पातळ मेरिनोचा, म्हणजे बारीक मऊ लोकरीचा, सदरा आणि झोपताना घालायचा एक लोकरी मोज्यांचा जोड, एवढे यादीत घाल. वजन तीनेकशे ग्रॅमच्या आसपास होईल आणि मला झोप लागेल.

शेवटी एकच विचारायचे आहे. तुझ्या बॅगेवर उणे १ अंश लिहिले आहे असे तू म्हणालीस, पण तो आकडा कोणता? आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणाच्या पट्टीवर कम्फर्ट आणि लिमिट असे दोन वेगळे आकडे असतात. पहिला सर्वसाधारण स्त्रीला आरामात झोप लागेल असे तापमान सांगतो आणि दुसरा सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढू शकेल असे तापमान. दोन्हींत पाच-सहा अंशांचा फरक असू शकतो, आणि दुकानातल्या पाटीवर पुष्कळदा दुसराच ठळक छापतात. शिवाय ते मोजताना खाली मॅट आणि अंगात गरम कपडे गृहीत धरलेले असतात. गुरुवारी निघण्यापूर्वी आतल्या शिवणीवरची पट्टी पाहा आणि उणे १ हा आकडा लिमिटचा निघाला तर रात्री कितीही वाजले असले तरी फोन कर. निशाची बॅग तुझ्या बॅगेपेक्षा जाड आहे, मी तिच्याशी बोलून ठेवले आहे.

तुझा,
बाबा