विषय : क्लच बदलल्यानंतर सुरू झालेली थरथर आणि तुमच्या सेवा केंद्राची उत्तरं

प्रति,
ग्राहक सेवा विभागप्रमुख

तुमच्या अधिकृत सेवा केंद्राच्या व्यवस्थापकाशी आज फोनवर बोलणं झालं. यापुढे मी त्यांच्याशी बोलणार नाही, म्हणून थेट तुम्हाला लिहितो आहे.

माझी जुनी फोर-व्हील-ड्राइव्ह क्लच बदलायला आणि ट्रान्सफर केसचं (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या डब्याचं) मागचं गळकं सील बदलायला दिली होती. देताना गाडीत कसलीही थरथर नव्हती. परत मिळाली त्याच दिवशी, 70 च्या पुढे गेल्यावर पायाखालचा पत्रा आणि सीट गुणगुणायला लागले. स्टिअरिंग मात्र शांत. ही गोष्ट मी पहिल्याच तक्रारीत सांगितली आणि जॉब कार्डावर लिहूनही घ्यायला लावली. तरी त्यांनी व्हील बॅलन्सिंग केलं. फरक पडला नाही म्हटल्यावर पुन्हा व्हील बॅलन्सिंग केलं. मग म्हणाले, टायर बदला.

टायरचा दोष असता तर थरथर चाकाच्या फेऱ्यांबरोबर आली असती. माझ्या टायरच्या मापात 80 च्या वेगाला चाक सेकंदाला साधारण 10 फेरे घेतं. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलचं गुणोत्तर 4:1 च्या आसपास आहे, म्हणजे त्याच वेळी मागचा प्रॉपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केसपासून डिफरन्शियलपर्यंत ताकद नेणारा लांब दांडा) सेकंदाला सुमारे 40 फेरे घेतो. चाकाचा हादरा संथ आणि जड असतो, शाफ्टचा बारीक आणि गुणगुणणारा. हा फरक गाडीत बसल्याबसल्या कळतो. तुमच्या माणसांनी ट्रायल घेतली तेव्हा गाडी 60 च्या वर नेलीच नाही.

शेवटी तपासणी मीच केली. मोकळ्या सरळ रस्त्यावर 80 ला न्यूट्रल केलं, इंजिन आयडलवर आलं, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. पुढचे हब फ्री होते (चाकं एक्सलपासून सुटी), गाडी टू-व्हील-ड्राइव्हमध्ये होती, म्हणजे पुढचा शाफ्ट फिरतच नव्हता. उरला मागचा शाफ्ट, जो गिअरबॉक्स उतरवताना तुमच्याच लोकांनी काढला होता. खाली वाकून पाहिलं तर स्लिप जॉइंटच्या (शाफ्टचे दोन भाग एकमेकांत सरकतात त्या जोडाच्या) दोन्ही बाजूंच्या खुणा जुळत नाहीत आणि दोन टोकांचे योक (टोकाचा सांधा धरणारे दुफाटे भाग) एका रेषेत नाहीत.

याचा अर्थ तुम्हाला समजावून सांगायची गरज नसावी. युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा वाकणारा सांधा, कोनात फिरतो तेव्हा शाफ्टचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा कमी-जास्त होतो. दोन्ही योक एका रेषेत असले आणि दोन्हीकडचे कोन सारखे असले, तर एका जॉइंटचा चढउतार दुसरा खाऊन टाकतो. स्लिप जॉइंटमधली दातेरी स्प्लाइन चुकीच्या दातावर बसली की तो तसा खाल्ला जात नाही, आणि तोच चढउतार गाडीभर पसरतो. म्हणून तर शाफ्ट काढण्याआधी खूण करतात.

मी आज फोनवर एवढंच विचारलं, "शाफ्ट काढताना खूण केली होती का?"

व्यवस्थापक म्हणाले, "साहेब, शाफ्ट एकाच पद्धतीनं बसतो."

मी म्हटलं, स्प्लाइन आहे, कुठल्याही दातावर बसेल. फोटो पाठवतो, दोन मिनिटं बघा.

"फोटो बघून गाडी दुरुस्त होत नसते. यूट्यूब बघून आम्हाला शिकवू नका."

थरथर दुरुस्तीनंतर सुरू झाली, हे मी पुन्हा सांगितलं. त्यावर, "आधीही असेल, क्लच खराब होता म्हणून तुम्हाला जाणवली नसेल. गाडीचं वय बघा, या वयात थरथर यायचीच." मग गाडी तुमच्या शेडमध्ये एका रात्रीत म्हातारी झाली का, असं मी विचारलं. त्यांनी उत्तर दिलं नाही. "एक मिनिट थांबा," म्हणाले आणि फोन विक्री विभागाकडे जोडून दिला. पलीकडून एक मुलगी मला एक्स्चेंज ऑफर सांगायला लागली! तिची काही चूक नाही. पण चुकीचा बसवलेला शाफ्ट सरळ करून मागणाऱ्या माणसाला नवी गाडी विकायला बघणं, हा अपमान आहे आणि तो मी विसरणार नाही.

गाडी जुनी आहे म्हणून थरथरत नाही. शाफ्ट चुकीचा बसवला आहे म्हणून थरथरते. तुम्हीच बदललेल्या सीलपाशी आता पुन्हा तेल पाझरतं आहे, आणि अशीच चालवली तर ट्रान्सफर केसचं आउटपुट बेअरिंग आणि पिनियनचं (शाफ्ट ज्याला जोडतो त्या डिफरन्शियलच्या गिअरचं) बेअरिंगही जाईल.

तुमची गाडी मी इतकी वर्षं सांभाळली ती ती टिकते म्हणून, आणि दर वेळी अधिकृत केंद्रातच नेली. त्या विश्वासाला तुमच्या लोकांनी काडीची किंमत दिली नाही.

शाफ्ट खुणेनुसार बसवा, बॅलन्स तपासा, गिअरबॉक्स माउंटिंग आणि पिनियनचा कोन मोजा, सील आणि बेअरिंग बघा, आणि काय सापडलं ते लेखी द्या. याचा एक पैसाही मी देणार नाही. दोनदा केलेल्या व्हील बॅलन्सिंगचे घेतलेले पैसेही परत हवेत. आठ दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर जॉब कार्ड, बिलं आणि फोटो घेऊन मी ग्राहक न्यायालयात जाईन.

आणि गाडी मी चालवत आणणार नाही. टो करून न्यायची व्यवस्था तुम्ही करा, आणि काम दुसऱ्या केंद्रात करून द्या.

तुमचा ग्राहक
(जॉब कार्ड, बिलं आणि शाफ्टचे फोटो सोबत जोडले आहेत.)