ल्योंहून आत्याला: गुलाबांच्या वंशावळी

ल्यों, ८ जून

तीर्थरूप आत्यास,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तू विचारलंस, जुना गुलाब म्हणजे नेमका किती जुना? उत्तर लांबलचक आहे, म्हणून पत्रच लिहितो.

जुनं झाड नव्हे, जुनी कुळी. गुलाबांचे जे वर्ग १८६७ च्या आधीपासून होते, ते 'जुने'. त्यातलं एखादं वाण नंतर तयार झालेलं असलं तरी ते जुन्यातच मोडतं. ही रेघ ओढली गेली ती मी राहतो त्याच शहरामुळे. झाँ-बाप्तिस्त गियो या इथल्या रोपवाटिकावाल्याने त्या वर्षी 'ला फ्रान्स' हा गुलाब आणला, आणि पुढे त्याला पहिला हायब्रिड टी, म्हणजे आधुनिक गुलाबांच्या मुख्य वर्गातला पहिला, मानलं गेलं.

गंमत अशी, की ज्याच्यावरून नवं-जुनं ठरतं, त्या 'ला फ्रान्स'चे आईबाप कोण हे आजही नक्की सांगता येत नाही. त्या काळी बहुतेक जण हाताने संकर करतच नसत. परागीभवन मधमाश्यांवर सोडायचं, पिकलेली फळं गोळा करून बी पेरायचं, आणि ढीगभर रोपांतलं एखादं नजरेत भरलं की तेवढं ठेवून बाकीची उपटून टाकायची. तरी काय एकेक गुलाब निघाले! पॅरिसमधल्या लक्झेंबर्ग बागेचा प्रमुख आर्दी याने १८३२ मध्ये बायकोच्या नावाने 'मादाम आर्दी' आणला. पांढराशुभ्र, पाकळ्यांची दाटी, आणि ऐन मध्यावर हिरवं बटण. माझ्या मते त्यानंतरचा एकही पांढरा गुलाब त्याच्या जवळपास येत नाही. तू भांडशील, ठाऊक आहे.

पण तोही बहरतो वर्षातून एकदाच. गॅलिका, आल्बा, सेंटिफोलिया या युरोपातल्या जुन्या कुळी, सगळ्यांचं तेच: उन्हाळ्यात फांद्या वाकेपर्यंत फुलं, मग पुढच्या वर्षापर्यंत नुसती पानं. दमास्क या तशाच जुन्या कुळीतला एक प्रकार तेवढा शरद ऋतूत पुन्हा थोडा फुलायचा. पुन्हापुन्हा फुलण्याचा गुण खऱ्या अर्थाने आला तो चीनमधून. १७९२ ते १८२४ या काळात चार चिनी गुलाब इंग्लंडला पोचले: एक किरमिजी, एक गुलाबी, एक फिकट चहागंधी आणि शेवटचा पिवळसर. चीनकडची जहाजं कलकत्त्यामार्गे यायची, म्हणून फ्रेंच लोक चिनी गुलाबांना बंगालचे गुलाब म्हणू लागले.

मग लगेच बारमाही गुलाब का झाले नाहीत? एक तर हा गुण दबून राहणारा. एकदाच फुलणाऱ्या झाडाशी संकर केला की पहिली पिढीही एकदाच फुलते. तो वर यायला आणखी एखादी पिढी जावी लागते. त्यात चिनी गुलाबाची गुणसूत्रं १४ आणि गॅलिका-दमास्कची २८. त्यांच्या पोरांत बहुधा २१ येतात आणि ती बरीचशी वांझ निघतात. बिचाऱ्या माळ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. ते पेरत राहिले.

काही वेळा तर माणसाने काही केलंच नाही. हिंदी महासागरातल्या बूर्बाँ बेटावर, म्हणजे आजच्या रेयुनियनवर, शेतांच्या कुंपणाला दोन जातींचे गुलाब लावत: तो दोनदा फुलणारा दमास्क आणि गुलाबी चिनी. त्यांचा आपसूक संकर झाला. १८१९ च्या सुमारास त्याचं बी पॅरिसला पोचलं आणि बूर्बाँ गुलाबांचा अख्खा वर्ग उभा राहिला.

या सगळ्या आंधळ्या कारभाराला शिस्त लावली हेन्री बेनेट या इंग्रजाने, आणि तो होता गुरांची पैदास करणारा! बैलाची वंशावळ ठेवतात तर गुलाबाची का नाही, हा त्याचा साधा हिशेब. ल्योंला येऊन त्याने इथली पद्धत पाहिली, आणि परत जाऊन ऊबदार काचघरात काम सुरू केलं. फूल पुरतं उमलण्याआधी पुंकेसर खुडायचे, हव्या त्या झाडाचे पराग लावायचे, नोंद ठेवायची. १८७९ मध्ये त्याने आपले गुलाब आईबापांच्या नावांसकट विकायला काढले. इथल्या जाणत्यांना ते पाहून काय वाटलं असेल!

पिवळ्याची कथा पुन्हा ल्योंची. जोसेफ पेर्ने-द्युशे अनेक वर्षं 'पर्शियन यलो' या इराणकडच्या गडद पिवळ्या गुलाबाचे पराग लावत बसला होता. १९०० मध्ये 'सोलेय दॉर' बाजारात आला आणि बागेतल्या गुलाबांना तो गडद पिवळा, केशरी रंग मिळाला. पहिल्या महायुद्धात त्याचे दोन्ही मुलगे गेले; पुढे त्यांच्या नावांचे दोन गुलाब त्याने काढले. त्यातला 'सूव्हनीर द क्लोदियस पेर्ने' पिवळाच.

त्या पर्शियन झाडाकडून रंगासोबत काळ्या ठिपक्यांचा रोगही पुढच्या पिढ्यांत उतरला. तेव्हा तुझ्या पिवळ्याची पानं गळू लागली की सगळा दोष पावसाला देऊ नकोस.

काकांना नमस्कार.

तुझा,
सुहास