शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र : मुलं आमची, मग निरोप सगळ्यात शेवटी आम्हाला का?

माननीय शालेय शिक्षणमंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी जिल्हा परिषद शाळेत सहावीला असलेल्या मुलीची आई. त्याच शाळेच्या व्यवस्थापन समितीत सदस्यही आहे. गेल्या आठवड्यात आमच्याकडे रेड अलर्ट होता. मुलगी आणि पाचवीतला पुतण्या नेहमीच्या वेळेला दप्तर घेऊन निघाले. ओढा ओलांडून शाळेत पोचले तर दाराला कुलूप. सुट्टी जाहीर झालेली होती. आदेश आदल्या रात्री उशिरा निघाला आणि शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला, तोवर वाडीची वीज गेली होती, टॉवर बंद पडला होता आणि घरातला एकच फोन मालकांच्या खिशात, ते कामावर. मुलं माघारी फिरली तेव्हा ओढा चढला होता. काठावरच्या एका म्हाताऱ्या बाबांनी दोघांना दटावून थांबवलं, घरात नेऊन बसवलं. त्यांनी हटकलं नसतं तर मी आज हे पत्र कोणत्या अवस्थेत लिहिलं असतं, याचा विचार मला अजून झोपू देत नाही.

हवामान खात्याचा इशारा आदल्या दुपारपासून टीव्हीवर होता. मग सुट्टी ठरवायला मध्यरात्र का व्हावी लागते? आदेश जिल्हाधिकारी काढतात. तो शिक्षणाधिकाऱ्यांकडून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे, तिथून केंद्रप्रमुखांकडे, मग मुख्याध्यापकांकडे आणि शेवटी ग्रुपवर. प्रत्येकानं पुढे ढकललं की प्रत्येकाचं काम संपलं. शेवटच्या आईपर्यंत पोचलं का, हे बघायचं काम या साखळीत कुणाचंच नाही. त्याच आठवड्यात जुन्या आदेशावर नवी तारीख टाकलेला एक खोटा कागदही फिरत होता. त्या दिवशी आम्ही पोरं घरी ठेवली आणि शाळा भरली. खरा कागद कोणता ते ओळखायचं कसं, एवढं तरी कुणी सांगेल का?

मागच्या पावसाळ्यात तालुक्याच्या बैठकीत आम्हाला शब्द दिला होता की यापुढे प्रत्येक पालकाला थेट मेसेज येईल. नंबर लिहून घेतले. त्याआधी आधारसाठी घेतले होते, नंतर अपार आयडीच्या, म्हणजे विद्यार्थ्याच्या कायमच्या ओळख क्रमांकाच्या, संमतीपत्रावर घेतले. माझा नंबर सरकारकडे आहे, साहेब. निवडणूक आली की त्याच नंबरवर पुढाऱ्यांचे आवाज वाजतात. शाळेचा मेसेज मात्र आजपर्यंत आलेला नाही.

आणि हे पावसापुरतं असतं तर मी गप्प बसले असते. थोरला आठवीला होता तेव्हा एनएमएमएसचा, म्हणजे गरीब घरच्या हुशार मुलांसाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा, अर्ज राहिला. निवड झालेल्या मुलाला नववी ते बारावी दरमहा १,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांचे ४८,००० रुपये. आमच्यासारख्या घराला ही रक्कम केवढी, ते तुम्हाला सांगायला नको. सातवीत त्याला चांगले मार्क होते. अर्ज शाळेच्या लॉगिनवरून भरायचा, आणि गुरुजी तेव्हा निवडणुकीच्या कामावर. आम्हाला परीक्षेचं नाव कळलं तेव्हा मुदत गेली होती. तो परीक्षेत नापास झाला असता तर मी समजून घेतलं असतं. त्याला परीक्षेला बसायलाच मिळालं नाही.

गुरुजींना मी दोष देत नाही. सकाळी फोन उघडला की त्यांच्यापुढे लिंकांची रांग असते : माहिती तात्काळ भरा, दुपारी दोनपर्यंत सादर करा, फोटो अपलोड करा. यू-डायस म्हणजे शाळेची सगळी माहिती भरायचं सरकारी पोर्टल, पोषण आहार, आधार जुळवणी. वरच्या कार्यालयाला दर तासाला माहिती हवी आणि खालच्या पालकाला वर्षभर काही सांगायची गरज नाही, अशी ही व्यवस्था तुम्ही उभी केली आहे. माहिती वर चढते तेवढीच, खाली उतरत नाही.

निर्णय तरी किती वेळा फिरले! २०२४-२५ ला एक राज्य, एक गणवेश आला. कापड वरून येणार, शिलाई बचत गट करणार. कितीतरी शाळांत १५ ऑगस्टला पोरं जुन्या कपड्यांत झेंड्यासमोर उभी होती. डिसेंबर २०२४ मध्ये गणवेश पुन्हा शाळा समितीकडे दिला. पुस्तकात वहीची कोरी पानं घातली, पुढे तीही काढली. मार्च २०२५ मध्ये कळलं की पहिली ते नववीच्या परीक्षा २५ एप्रिलपर्यंत चालणार. तोवर लोकांची लग्नं ठरली होती, गावी जायची तिकिटं काढून झाली होती. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचा शासन निर्णय १६ एप्रिल २०२५ चा, सुधारित १७ जूनचा, आणि २९ जूनला दोन्ही रद्द. माझ्या जावेची लेक तेव्हा पहिलीत गेली होती. ती काय शिकणार, हे आम्ही टीव्हीवरच्या भांडणातून समजून घेत होतो. शाळेतून घरी एक चिठ्ठी आली नाही.

सर्वात जास्त राग मला पटसंख्येच्या गोष्टीचा आहे. २०२३ मध्ये तुमच्या विभागानं वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा करण्याचे प्रस्ताव मागवले. पुणे जिल्ह्यातल्या पानशेत आणि नंदुरबारमधल्या तोरणमाळच्या समूह शाळांचे दाखले दिले. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या तेव्हा चौदा हजारांवर शाळा होत्या, आमच्या वाडीची चौथीपर्यंतची शाळा त्यांतलीच. ती बंद होणार की राहणार? दोन वर्षं गावात फक्त कुजबुज. कुणी म्हणतं जूनमध्ये कुलूप लागणार, कुणी म्हणतं गाडी येणार. अशा वेळी बाप काय करतो? पोराचं वर्ष वाया जायला नको म्हणून कर्ज काढून त्याला इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवतो. पट आणखी घटतो, आणि मग तोच घटलेला पट दाखवून शाळा परवडत नाही असं आम्हालाच ऐकवलं जातं. कुणी अधिकारी येऊन तासभर पारावर बसला असता आणि खरं काय ते बोलला असता, तर वाडीतली निम्मी पोरं अजून इथंच दिसली असती, असं मला वाटतं.

कायदा माझ्या बाजूनं आहे, तरी मी हात जोडते आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ म्हणतो की व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या महिला असाव्यात. आहेत ना! मीच आहे. सभेचा विषय सभेच्या दिवशी कळतो आणि रजिस्टर कधी कधी सहीसाठी घरी येतं. माहिती अधिकार कायदा २००५ चं कलम ४ सांगतं की लोकांवर परिणाम करणारी माहिती सरकारनं मागायच्या आधी, स्थानिक भाषेत द्यावी. संकेतस्थळावर पीडीएफ चढवली की दिली, असं तुमचं म्हणणं असेल तर एकदा आमच्या वाडीत येऊन ती उघडून दाखवा. रोजगार बुडवून पंचायत समितीत गेलं तर टेबलावरचा माणूस म्हणतो, तुम्हाला ग्रुपवर आलं नाही का?

पाणीपट्टी थकली की ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून नाव पुकारलं जातं. सगळी वाडी ऐकते. त्याच भोंग्यावरून शाळेची सुट्टी का पुकारत नाहीत? अतिवृष्टीचा इशारा आला की सुट्टी आदल्या संध्याकाळी सात वाजायच्या आत ठरवा आणि भोंग्यावर किंवा दवंडीनं सांगा. शिष्यवृत्ती, नवोदय, एनएमएमएसच्या तारखा मुलांच्या वहीत लिहून द्या आणि पालकाची सही आली का ते तपासा. शाळेबद्दल काहीही ठरवायचं असेल तर आधी समितीची सभा, मग आदेश. आमच्या वाडीच्या शाळेचं काय होणार, ते लेखी द्या. यांतल्या एकाही गोष्टीला नवं अ‍ॅप लागत नाही.

समितीच्या पुढच्या सभेत हे पत्र इतिवृत्तात घ्यायला मी सांगणार आहे. तुमचं उत्तर आलं तर तेही त्याच पानावर चिकटवू. नाही आलं तर तारीख घालून तसं लिहू आणि सगळ्या सदस्यांच्या सह्या घेऊ.

आपली,
एका सहावीतल्या मुलीची आई,
सदस्य, शाळा व्यवस्थापन समिती