‘नाही’ म्हणायचं असेल तर आत्ता

तीर्थरूप आई-बाबांना
शिरसाष्टांग नमस्कार.

बोनमॅरोदात्यांच्या रजिस्ट्रीत नाव घातल्याचं कळवलं, तेव्हा आई, तुझा पहिला प्रश्न होता, “पाठीच्या कण्यातून काढतात ना गं?” हा घोटाळा आपल्या भाषेनेच करून ठेवलाय. कण्याच्या पोकळीत असतो तो मज्जारज्जू, मेंदूपासून खाली उतरलेला नसांचा दोर. अस्थिमज्जा, म्हणजेच बोनमॅरो, वेगळी. ती हाडांच्या आतला मऊ, रक्ताळ गर. तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट हे सगळं तिथे तयार होतं. रुग्णाची ती बिघडली की दात्याच्या पेशी त्याला देतात, तेच प्रत्यारोपण. ‘मज्जा’ हा शब्द दोन्हीकडे आला आणि सुई कण्यात खुपसतात असं लोकांना वाटत राहिलं. यात मज्जारज्जूला कुणी हात लावत नाही. पाय लुळे पडतील ही भीती तेवढी आधी काढून टाक.

आजवर झालंय ते इतकंच: संमतीपत्र, तब्येतीची प्रश्नावली आणि गालाच्या आतून घेतलेला स्वॅब. खाल्ल्याप्यायल्यावर अर्धा तास थांबायचं, बोळ्याच्या टोकाला बोट लावायचं नाही आणि गाल आतून नीट दाबून घासायचा. नुसता हळूच फिरवला तर लाळच जास्त येते, पेशी पुरत नाहीत आणि नमुना पुन्हा मागवतात. त्या पेशींवरून एचएलए प्रकार काढतात. एचएलए ही पेशींवरची ओळखखूण. आपलं कोण आणि परकं कोण हे शरीर तिच्यावरून ठरवतं. रक्तगट जुळावाच लागतो असं नाही. उलट प्रत्यारोपण झाल्यावर काही महिन्यांत रुग्णाचाच गट बदलून दात्याचा होतो.

ही खूण अर्धी आईकडून येते, अर्धी बाबांकडून. म्हणून सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक, आणि आईवडील बहुधा अर्धेच जुळतात. अनोळखी दाता शोधताना पाच जनुकांच्या प्रत्येकी दोन अशा दहा खुणा पाहतात आणि दहाच्या दहा जुळाव्यात असा प्रयत्न असतो. जगातल्या रजिस्ट्र्यांत मिळून ४ कोटींहून जास्त नावं आहेत, तरी कित्येकांना जुळणारा माणूस सापडत नाही. खुणांचे प्रकार हजारो आहेत आणि ते वंशावळीबरोबर चालतात. ज्या समूहातून दाते कमी, त्यातल्या रुग्णाचा शोध लांबतो.

बाबा, तुम्ही विचारलंत की लगेच बोलावतील का. बहुतेक नोंदलेल्यांना आयुष्यात एकदाही बोलावणं येत नाही, ‘संभाव्य दाता’ म्हणतात ते त्यामुळेच. नाव साधारण साठीपर्यंत यादीत राहतं, पण डॉक्टर तरुण दाता बघतात. गरोदरपण होऊन गेलेल्या बाईच्या रक्तात परक्या पेशींवर उठणाऱ्या अँटिबॉडी असू शकतात, म्हणून दोघं सारखे जुळले तर पुष्कळदा तरुण पुरुषाला आधी विचारतात. (तुम्हा दोघांना नाव घालायचं मनात आलं असेल, तर नव्या नोंदणीचं वय तुमचं केव्हाच उलटून गेलंय.)

समजा फोन आला. आधी पुन्हा प्रश्नावली, मग जुळणी पक्की करायला रक्ताच्या काही नळ्या. त्याच वेळी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस यांच्या तपासण्या होतात. इथवर येऊनही बरेच जण पुढे जात नाहीत. दुसरा जास्त चांगला जुळतो, किंवा रुग्णाची तब्येत तेवढी धड राहत नाही. निवड झाली तर संपूर्ण तपासणी: ईसीजी, छातीचा एक्स-रे, रक्त, बायकांसाठी गर्भधारणेची चाचणी. हा तपासणारा डॉक्टर रुग्णावर उपचार करणाऱ्यांपैकी नसतो. त्याने फक्त दात्याचं हित बघायचं, असा नियमच आहे.

पेशी घेण्याच्या रीती दोन. हल्ली बहुतेक वेळा रक्तातूनच घेतात. रक्तातल्या सगळ्या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या मूळपेशी एरवी मज्जेत दडून असतात, त्यांना रक्तात उतरवायला जी-सीएसएफ नावाचं इंजेक्शन देतात. वजनाच्या किलोमागे रोज साधारण १० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ६००, कातडीखाली, चार ते पाच दिवस. त्या दिवसांत कंबर, मांड्या, छातीचं हाड ठणकतं, डोकं दुखतं, फ्लू आल्यासारखं वाटतं. मज्जेत पेशींची गर्दी होते, त्याची ती दुखणी. पॅरासिटामॉल चालते. ॲस्पिरिन नको, कारण पेशी काढताना प्लेटलेटही थोड्या जातात आणि ॲस्पिरिनने उरलेल्याही नीट काम करत नाहीत. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन-चार दिवसांत हे सगळं ओसरतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवण्यासारखी आहे: प्लीहा तात्पुरती फुगते. ती फाटणं फारच विरळा, पण डाव्या बरगडीखाली किंवा डाव्या खांद्यात दुखलं तर अंगावर काढायचं नाही, लगेच कळवायचं. धक्काबुक्कीचे खेळ काही आठवडे बंद.

पाचव्या दिवशी यंत्राला जोडतात. एका हातातून रक्त निघतं, यंत्र हव्या तेवढ्या पेशी बाजूला काढतं आणि बाकीचं दुसऱ्या हातातून परत येतं. चार ते सहा तास, हात फार हलवता येत नाहीत. रक्त नळीत गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात. तेव्हाच सांगायचं, वेग कमी करतात, कॅल्शियम देतात. गप्प बसून सोसणारेच दाते इथे जास्त त्रास काढतात. पेशी किती लागतील ते रुग्णाच्या वजनावर ठरतं, आणि कमी पडल्या तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बसवतात. शिरा फार बारीक असतील तर मानेत किंवा जांघेत नळी घालावी लागते. शिरा आधी तपासून घ्याव्यात आणि नळीला होकार की नकार, हेही आधीच सांगून ठेवावं.

दुसरी रीत प्रत्यक्ष मज्जा काढण्याची. रुग्ण लहान मूल असेल, किंवा थॅलेसेमियासारखा कॅन्सर नसलेला आजार असेल, तर डॉक्टर पुष्कळदा हीच मागतात, कारण दात्याच्या पेशींनी रुग्णाच्या शरीरावर उलटण्याचा धोका मज्जेत कमी. पूर्ण भूल देऊन पालथं झोपवतात आणि कमरेच्या मागच्या हाडातून, कण्यातून नव्हे, सुईने मज्जा ओढतात. एक ते दोन तास. कातडीवर दोन-चार बारीक छिद्रं, टाका बहुधा नाही. दात्याच्या किलोमागे जास्तीत जास्त २० मिलिलिटर काढायचं अशी मर्यादा आहे. मोठ्या माणसाकडून सुमारे लिटरभर निघतं. त्यात रक्त बरंच असतं, म्हणून नंतर हिमोग्लोबिन उतरतं आणि लोहाच्या गोळ्या देतात. जोरात आपटल्यासारखी कंबर आठवडा-दोन आठवडे दुखते, वाकून वजन उचलायचं नाही. मज्जा चार ते सहा आठवड्यांत भरून येते. भुलीचा म्हणून जो धोका असतो तो इथे आहेच. तो लहान आहे, पण नाही असं लिहिणार नाही.

आता ज्याच्यासाठी एवढं लांबलचक लिहिलं ते. कुठल्याही टप्प्यावर ‘नाही’ म्हणायचा हक्क दात्याचा आहे, सक्ती कुणी करू शकत नाही. पण प्रत्यारोपणाच्या साधारण आठवडाभर आधी रुग्णाला जबर केमो, कधी रेडिएशनही देतात आणि त्याची स्वतःची मज्जा मुद्दाम मारून टाकतात. त्यानंतर त्याच्या अंगात रक्त तयार करणारं काही उरत नाही. त्या आठवड्यात दात्याने पाय मागे घेतला, तर दुसरा दाता उभा करायला वेळ नसतो आणि रुग्ण बहुधा वाचत नाही. नोंदणीच्या वेळी, रक्ताच्या नळ्या देताना, तपासणीनंतरही ‘नाही’ चालतं. त्याचा कुणी राग धरत नाही. दाते गळतात त्यात घरच्यांचा विरोध हे नेहमीचं कारण, आणि तो बहुतेकदा फोन आल्यावर जागा होतो. म्हणून विरोध असेल तर आज करा. भांडायचं असेल तर आज भांडू.

आई, मूल होण्यावर याचा परिणाम होत नाही. गरोदरपणात मात्र पेशी घेत नाहीत, तेवढा काळ नाव थांबवून ठेवतात. त्या इंजेक्शनाने पुढे कॅन्सर होतो असं कुणी तुला सांगेल. वर्षानुवर्षं पाठपुरावा केलेल्या दात्यांमध्ये तसं वाढलेलं दिसलेलं नाही. बाबा, दात्याला खर्च नाही आणि मोबदलाही नाही. तपासण्या, प्रवास, राहणं दात्याच्या खिशातून जात नाही. रुग्णाचं नाव मला कळणार नाही, माझं त्याला कळणार नाही. काही ठिकाणी एक-दोन वर्षांनी दोघांच्या संमतीने कळवतात, काही ठिकाणी कधीच नाही. त्याच रुग्णासाठी पुन्हा पांढऱ्या पेशी मागू शकतात. तेव्हाही हो की नाही ते नव्यानेच विचारतात.

पेशी नेतात कशा हेही तुम्ही विचारलं होतंत. एक माणूस थंड पेटीतून स्वतः घेऊन जातो, पेटी एक्स-रे यंत्रातून जाऊ देत नाही आणि शक्यतो ७२ तासांच्या आत त्या रुग्णाला चढवतात. ऑपरेशन नाही, सलाईनसारखीच पिशवी लटकते. रक्तातून वाट काढत त्या पेशी आपणहून हाडांत जाऊन बसतात आणि दोन ते चार आठवड्यांत नवं रक्त दिसू लागतं.

जुळलेला दाता हातचा जातो तो पुष्कळदा भीतीमुळे नाही, तर फोन नंबर बदलला म्हणून. मी कुठेही राहायला गेले की पत्ता आणि नंबर रजिस्ट्रीला कळवीन. दुसरा संपर्क म्हणून फॉर्मवर बाबांचा नंबर दिलाय. तेव्हा बाबा, अनोळखी नंबर दिसला की फोन कापायची तुमची सवय जरा बदला. रजिस्ट्रीतून बोलतोय म्हणाले तर नाव आणि नंबर लिहून घ्या आणि मला त्याच दिवशी कळवा.

तुमची
मुलगी