प्लॉट घेण्याआधी माती पाहा

महोदय,

प्लॉट घेताना लोक सातबारा, फेरफार, एनए (बिगरशेती) आदेश बारकाईने तपासतात. जमिनीच्या पोटात काय आहे, हे मात्र क्वचितच कोणी पाहतो. आमच्या सोलापूरकडची काळी माती ज्वारीला सोन्यासारखी, पण घराला वैरी. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आटून भेगाळते आणि वरवरचा पाया तिच्याबरोबर हलतो. माझ्या धाकट्या भावाच्या नव्या घराच्या भिंतींना दुसऱ्याच वर्षी तिरक्या भेगा गेल्या. पाया काळ्या मातीखालच्या घट्ट मुरमापर्यंत नेलाच नव्हता. कर्जाचे हप्ते अजून निम्मेही फिटलेले नाहीत, हे पाहून जीव तुटतो.

दोन-तीन ठिकाणी खड्डे घेऊन मुरूम किती खोल लागतो ते पाहावे, मातीचा नमुना प्रयोगशाळेत द्यावा, शेजारच्या विहिरीला पावसाळ्यात पाणी कुठवर येते ते विचारावे. घराच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. नदीकाठी निळी रेषा (२५ वर्षांतून एकदा येणारा पूर) आणि लाल रेषा (१०० वर्षांतून एकदा) नकाशावर बघावी. ओढा कोरडा दिसला तरी जुन्या माणसांना विचारावे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याने घरे, माणसे वाहून नेली.

लेआउट मंजूर करतानाच माती परीक्षणाचा अहवाल सक्तीचा करावा आणि त्याची प्रत प्रत्येक प्लॉटधारकाला खरेदीखताआधी मिळावी, ही शासनाला कळकळीची विनंती.

– एक वाचक, सोलापूर