अरबी शिकायला दुबई नको, अम्मान नाहीतर कैरो गाठा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागले की सगळ्या पुरवण्यांमध्ये परदेशी भाषांवर लेख येतात. जर्मन झालं, जॅपनीज झालं, फ्रेंच झालं, पण अरबीचं नाव क्वचितच दिसतं आणि दिसलंच तर "गल्फमध्ये नोकरीला उपयोगी" एवढ्यावर विषय संपतो. मी जॉर्डनला, अम्मानमध्ये राहून अरबी शिकलेय म्हणून हे लिहितेय, कारण हल्ली ओळखीतले आईबाबा विचारतात की मुलीला अरबी शिकायचंय, दुबईला तिची मावशी आहे, वर्षभर तिच्याकडेच पाठवू का? मी प्रत्येकाला कळकळीने सांगते, नका पाठवू.

मावशी चांगलीच असणार हो, प्रश्न दुबईचा आहे. तिथे दहातली जवळपास नऊ माणसं बाहेरून आलेली. टॅक्सीत उर्दू, किराणा दुकानात मल्याळम नाहीतर हिंदी, ऑफिसात इंग्लिश, मग अरबी बोलणार कुणाशी? आपली कितीतरी माणसं तिथे वीस-वीस वर्षं राहून सलाम आणि शुक्रनच्या पुढे गेलेली नाहीत, आणि त्यात त्यांचा काहीच दोष नाही, गरजच पडत नाही. ज्याला खरंच भाषा हवीय त्याने अशा गावात राहावं जिथे भाजीवाला, घरमालकीण, बसमधला शेजारी यांच्याशी अरबीशिवाय बोलताच येणार नाही.

अशी गावं आहेत. २०११ पर्यंत जगभरातली मुलं दमास्कसला जायची, राहणं स्वस्त होतं आणि तिथे इंग्लिश कमी चालायचं. सीरियात युद्ध पेटलं आणि ते सगळं बंद पडलं, तेव्हापासून खूप मुलं अम्मानला यायला लागली. अमेरिकेतल्या विद्यापीठांचा कैरोतला जुना अरबी कोर्स, जो १९६७ पासून चालू होता, तोसुद्धा इजिप्तमधल्या गडबडीनंतर काही काळ अम्मानला हलवावा लागला. त्याशिवाय ट्युनिसची बुर्गिबा इन्स्टिट्यूट आहे, मोरोक्कोत फेसला चांगली शाळा आहे, आणि कैरो तर आहेच.

पण कुठेही जा, एक गोष्ट आधी कळलेली बरी आणि ती आपल्याकडे कुणी नीट सांगत नाही. अरबी दोन असतात. एक फुसहा, म्हणजे पुस्तकातली, बातम्यांतली, भाषणातली. दुसरी आम्मिया, घरातली आणि रस्त्यावरची, आणि ही प्रत्येक देशात वेगळी. "मला पाहिजे" हे साधं वाक्य घ्या, फुसहात उरीदु, अम्मानमध्ये बिद्दी, कैरोत आयिझ (बाई असेल तर आयझा), मोरोक्कोत बघीत. फुसहा शिकून आलेल्या मुलीचं बोलणं दुकानदाराला कळतं, तो कौतुकही करतो, पण त्याने उत्तर दिलं की तिला काही समजत नाही. म्हणून नुसती फुसहा शिकवणाऱ्या कोर्सला भरमसाट पैसे भरू नका, आणि नुसती बोलीच शिकलात तर पेपर वाचता येणार नाही. दोन्ही एकदम शिकवतात का, हा पहिला प्रश्न विचारा.

दुसरा प्रश्न, वर्ग सुटल्यावर काय? मी ज्या इन्स्टिट्यूटमध्ये होते तिथे वर्गात सगळे मन लावून अरबी बोलायचे आणि मधल्या सुट्टीत कॉफीच्या मशिनपाशी सगळं इंग्लिश चालू, संध्याकाळी पण परदेशी मुलं परदेशी मुलांबरोबरच, जबल अल-लुवैबदे या अम्मानच्या भागातल्या कॅफेत, तिथला वेटरसुद्धा इंग्लिशच बोलतो. अशाने पैसे जातात आणि भाषा येत नाही. अमेरिकेत मिडलबरी कॉलेजचे उन्हाळी भाषा-कोर्स १९१५ पासून चालतात, तिथे मुलं लेखी वचन देतात की कोर्स संपेपर्यंत दुसरी भाषा बोलणार नाही. मला हे वचन फार मोलाचं वाटतं. तुमच्या कोर्समध्ये नसेल तर दोघी-तिघींनी मिळून आपापसात ठरवा, चालतं.

आणि राहायचं तर एखाद्या कुटुंबात राहा. मला अरबी खरी आली ती घरमालकिणीच्या स्वयंपाकघरात, मन्सफसाठी (जॉर्डनचा मटण-भाताचा पदार्थ) वाळलेल्या दह्याचा तो कडक गोळा, जमीद, भिजत घालताना ती तिच्या बहिणीशी फोनवर भांडायची आणि फोन ठेवला की सगळं मला परत पहिल्यापासून सांगायची, हळूहळू, मला कळेपर्यंत. गॅसची गाडी बेथोव्हेनची धून वाजवत गल्लीत आली की मला खाली पिटाळायची, सिलिंडरचं तूच बोल म्हणायची. भारतीय असण्याचाही फायदा होतो, टॅक्सीवाल्याला कळलं की हिंदुस्थानी आहे की अमिताभचा विषय निघतो, हिंदी सिरियली अरबीत डब होऊन लागतात त्यांच्या गोष्टी निघतात आणि अर्धा तास फुकटचा सराव होतो.

"एका महिन्यात अस्खलित अरबी" अशा जाहिरातींवर कृपा करून विश्वास ठेवू नका. अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना अरबीसाठी ८८ आठवडे, म्हणजे २२०० तास वर्गात बसवतं. खर्चाचंही आधीच बघा, जॉर्डनचा दिनार १९९५ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका दिनारला साधारण १.४१ डॉलर, त्यामुळे अम्मान महाग पडतं. इजिप्तचा पाउंड मात्र २०२२ च्या सुरुवातीला डॉलरला १६ च्या आसपास होता तो मार्च २०२४ मध्ये ४७ च्या पुढे गेला, तिथल्या लोकांचे त्यात फार हाल झाले, पण बाहेरून डॉलर घेऊन जाणाऱ्या विद्यार्थ्याला कैरोतली खोली आणि खाणं झेपतं.

आता शेवटची आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची मागणी. मुंबई विद्यापीठात अरबी विभाग आहे, मुलं तिथे अरबी शिकतात, व्याकरण त्यांचं पक्कं असतं, कित्येकदा बाहेरच्या मुलांपेक्षा चांगलं, पण अरबी घरात एकही दिवस राहायला न मिळाल्यामुळे बोलताना अडतात. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना विमानाचं तिकीटसुद्धा परवडणारं नसतं. विद्यापीठाने आणि राज्य सरकारने अशा मुलांसाठी, मुलींसाठी तर नक्कीच, एक टर्म कैरोला किंवा अम्मानला राहण्याची स्कॉलरशिप सुरू करावी, आणि राहण्याची सोय हॉस्टेलवर न करता कुटुंबात करावी. पुढच्या निकालांच्या पुरवणीत तुम्ही हा विषय घ्यावा ही विनंती.

आपली,
एक वाचक, मिरज